सर्व्हर अडकतोय? आधी कन्सोलची वायर आणि प्रिंटर बघा

नागपुरातल्या कळमन्याच्या बाजारातला अडतीचा हिशेब, धंतोलीतल्या दवाखान्याचं बिलिंग, हिंगण्याच्या कारखान्याचा वजनकाटा. अशा ठिकाणी सर्व्हर बहुतेक एकच असतो आणि त्याच्या पाठीमागे दोन-तीन अशा वस्तू जोडलेल्या असतात, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं कोणी ढुंकून बघत नाही. सिरियल केबलवरचं एखादं जुनं टर्मिनल, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, कोपऱ्यात लेझर. सर्व्हर थांबला की आधी रॅम बदलतात, मग डिस्क, मग ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकतात, आणि दहा दिवसांनी तोच सर्व्हर तसाच थांबतो.

सर्व्हर सांभाळायला नव्याने लागलेल्यांनी एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की करावी. बिघडलेला कन्सोल (सर्व्हर जिथे आपले संदेश दाखवतो आणि आज्ञा घेतो तो पडदा-कीबोर्ड; इथे ते जुनं टर्मिनल) किंवा प्रिंटर सर्व्हरला क्वचितच मोडतो; बहुतेक वेळा तो त्याला ताटकळत ठेवतो. सर्व्हर ‘हँग’ दिसतो, पण आत तो कुणाची तरी वाट बघत असतो. कुणाची, हे शोधायचं काम पुढच्या पायऱ्यांचं.

उदाहरणं लिनक्सची आहेत; विंडोजवाल्यांसाठी प्रिंटरच्या भागात वेगळं लिहिलं आहे. आज्ञा आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत दिली असली तरी कीबोर्डवर ती अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.

कन्सोल हळू, म्हणून सर्व्हर हळू

कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) जेव्हा सिरियल कन्सोलवर संदेश लिहितो, तेव्हा ते अक्षर वायरवर जाईपर्यंत तो प्रोसेसर दुसरं काही करत नाही. आता हिशेब मांडू. ९६०० बॉड (म्हणजे वायरीवरून सेकंदाला ९६०० बिट), ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. स्टार्ट बिट धरून एका अक्षराला १० बिट, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. फायरवॉलचा लॉग (नोंदी) कन्सोलवर सोडलेला असेल तर त्याची एक ओळ २०० अक्षरांच्या आसपास जाते. म्हणजे सेकंदाला पाच ओळीसुद्धा धड बाहेर पडत नाहीत. बाहेरून कुणी पोर्ट चाचपायला लागलं आणि सेकंदाला शंभर ओळी तयार झाल्या, की एक प्रोसेसर नुसती अक्षरं ढकलत बसतो. २० सेकंदांच्या वर गेलं की ‘सॉफ्ट लॉकअप, सीपीयू स्टक फॉर २२ सेकंद’ असा इशारा येतो. हा इशारासुद्धा त्याच हळू वायरीवरून जायचा असतो, म्हणजे खोळंब्यात आणखी भर.

११५२०० बॉडवर हेच काम १२ पट वेगाने होतं. तरीही नागपुरातच काय, कुठेही बघा, कन्सोल ९६०० वरच सापडतो, कारण पहिल्या दिवशी कुणीतरी तसा ठेवला होता.

याहून वाईट प्रकार बूट करतानाच्या कर्नल ओळीत लपलेला असतो. तिथे ‘कन्सोल=टीटीवायएस०,९६००एन८’ असं असतं. कधी त्याच्या शेवटी ‘आर’ हे एक अक्षर जोडलेलं दिसतं. त्याचा अर्थ, समोरच्या टर्मिनलने सीटीएस (‘पाठव’ असा होकार देणारी) ही तार वर उचलली असेल तरच अक्षर पाठव. टर्मिनल बंद असेल, केबलमधली ती तार तुटली असेल किंवा केबल मुळातच तीन तारांची असेल, तर सीटीएस कधीच वर येत नाही. मग ड्रायव्हर प्रत्येक अक्षरामागे १ सेकंदापर्यंत थांबतो. ८० अक्षरांची एक ओळ म्हणजे ८० सेकंद! बूट व्हायला तासन्‌तास लागणारा सर्व्हर दिसला की डिस्क तपासण्याआधी हे एक अक्षर तपासा.

कंट्रोल-एस: एका बाइटने अख्खी लॉगिन बंद

वरचा प्रकार कर्नलचा. सामान्य प्रोग्राम ‘/डेव्ह/कन्सोल’वर लिहितात तेव्हा आणखी एक फाटक मध्ये येतं, ते म्हणजे सॉफ्टवेअर फ्लो कंट्रोल. टर्मिनलकडून १९ क्रमांकाचा बाइट आला (कंट्रोल-एस, म्हणजे एक्सऑफ) की लिहिणं थांबतं. १७ क्रमांकाचा (कंट्रोल-क्यू, एक्सऑन) आला की पुन्हा सुरू होतं. व्हीटी १०० जातीच्या टर्मिनलवर ‘नो स्क्रोल’ नावाची कळच असते, ती एकदा दाबली की एक्सऑफ जातो. टर्मिनलवर फाइल ठेवली गेली, कळ दाबली गेली, कुणाच्या लक्षातही आलं नाही. किंवा वायरीवरच्या खरखरीतून नेमका तोच बाइट तयार झाला.

पुढची साखळी नीट समजून घ्या, कारण ‘सर्व्हर चालू आहे, पिंग लागतो, पण लॉगिन होत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हीच असते. लॉग लिहिणारी सेवा (सिसलॉग) कन्सोलवर एक ओळ लिहायला जाते आणि अडकते. ती अडकली की तिच्याकडे येणाऱ्या संदेशांची रांग भरते. जुन्या सिस्टिमवर ही रांग अवघी १० संदेशांची असायची. रांग भरली की संदेश पाठवणारा प्रत्येक प्रोग्राम स्वतःच थांबतो, आणि संदेश कोण पाठवत नाही? दुरून लॉगिन घेणारा एसएसएच पाठवतो, ठरल्या वेळी कामं चालवणारा क्रॉन पाठवतो, पासवर्ड तपासणारा भागही पाठवतो. परिणाम असा की आधीपासून आत असलेली माणसं काही वेळ काम करत राहतात आणि नवीन कुणालाच आत येता येत नाही.

नव्या सिस्टिममध्ये लॉगचं काम जर्नलडी करतो आणि तो मुळात कन्सोलकडे काही पाठवत नाही. पण कुणी त्याच्या कॉन्फिगमध्ये ‘फॉरवर्ड-टू-कन्सोल’ला ‘येस’ केलं असेल तर तीच साखळी परत उभी राहते: कन्सोल पूर्ण अडकला की जर्नलडी अडकतो, आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या सेवाही.

करून बघायचा उपाय सोपा आहे. टर्मिनलवर एकदा कंट्रोल-क्यू दाबा. ओळी धडाधड वाहायला लागल्या तर निदान झालं. सर्व्हर रीबूट करण्याआधी हे नेहमी करावं. पाच सेकंदांचं काम आहे.

खरखर: लिहिणारा कोणी नाही, तरी अक्षरं येताहेत

सिरियल पोर्टवर लॉगिन मागणारा गेटी नावाचा प्रोग्राम चालू असतो. केबल सर्व्हरला लावलेली आहे आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, अशी स्थिती सर्वांत वाईट. दहा मीटरची लोंबकळती केबल म्हणजे अँटेनाच. शिवाय पाठवायची आणि घ्यायची तार शेजारीशेजारी धावतात, त्यामुळे ‘लॉगिन:’ ही स्वतःचीच अक्षरं दुसऱ्या तारेत उतरून परत येतात. गेटीला वाटतं कुणीतरी नाव टाइप केलं. तो पासवर्ड मागतो, तोही परत येतो, लॉगिन चुकतं, गेटी मरतो, पुन्हा जन्मतो. हा संवाद रात्रभर चालतो. लॉग फुगतो, प्रोसेसर तापतो. जुन्या इनिटवर (सेवा सुरू करणारा आणि मेल्या तर पुन्हा उठवणारा प्रोग्राम) दोन मिनिटांत दहापेक्षा जास्त वेळा असं झालं की ‘रिस्पॉनिंग टू फास्ट, डिसेबल्ड फॉर ५ मिनिट्स’ ही ओळ दिसते. ती ओळ दिसली तर दोष सॉफ्टवेअरमध्ये शोधू नका, केबल बघा.

म्हणून नियम असा: टर्मिनल काढायचं असेल तर केबल सर्व्हरच्या टोकाकडून काढायची. टर्मिनलच्या टोकाकडून काढून ती टेबलामागे लोंबकळत ठेवायची नाही.

खरखरीचा दुसरा अवतार म्हणजे ब्रेक. घेणाऱ्या तारेवर एका अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त काळ सलग शून्य बिट राहिला की तो ब्रेक समजला जातो. टर्मिनल बंद-चालू करताना, अर्धवट बसलेला कनेक्टर हलताना तो तयार होतो. सनच्या जुन्या स्पार्क सर्व्हरवर कन्सोलकडून ब्रेक आला की अख्खी मशीन थांबून ‘ओके’ या प्रॉम्प्टवर येऊन बसायची. टर्मिनलची वीज गेली, की सर्व्हर गेला. तिथे ‘गो’ टाइप केलं की काम पुढे सुरू होतं, हे माहीत नसल्याने लोक थेट पॉवर बंद करायचे. सोलारिसमध्ये याला कायमचा उपाय आहे: ‘/ईटीसी/डिफॉल्ट/केबीडी’ या फाइलीत ‘कीबोर्ड-अबॉर्ट’ची किंमत ‘अल्टरनेट’ करायची. मग ब्रेकऐवजी एंटर, टिल्डे, कंट्रोल-बी अशी तीन कळांची मालिका लागते आणि ती खरखरीतून तयार होणं जवळपास अशक्य.

लिनक्समध्ये ब्रेक आल्यानंतर ५ सेकंदांत आलेलं अक्षर ही ‘मॅजिक सिसआरक्यू’ची आज्ञा धरली जाते. ‘बी’ आलं तर सर्व्हर त्याच क्षणी रीबूट होतो, डिस्कवर काही न लिहिता. कारणाशिवाय रीबूट होणारा सर्व्हर आणि लॉगमध्ये काहीच नाही, असं असेल तर ‘कर्नल.सिसआरक्यू’ची किंमत बघा. ती १ असेल किंवा तिच्यात १२८ मिळवलेले असतील (उदाहरणार्थ १७६) तर रीबूटला परवानगी आहे. १६ असेल तर फक्त डिस्क सिंक करण्याची मुभा आहे, बाकी काही नाही.

आता मोजायला बसा

सामान फार नाही: एक डिजिटल मल्टीमीटर, ९ पिनांचा एक मादी कनेक्टर, जोडायला वीतभर तार, एक खात्रीची नल मोडेम केबल (पाठवायची आणि घ्यायची तार आत उलटसुलट जोडलेली) आणि एक यूएसबी-टू-सिरियल ॲडॉप्टर. सीताबर्डीच्या दुकानांतून हे सगळं मिळतं. ॲडॉप्टर घेताना मात्र बघून घ्या. अगदी स्वस्तातल्या काहींमध्ये व्होल्टेजची पातळी बदलणारी चिप नसते. ते ० आणि ५ व्होल्टच देतात आणि कधी चालतात, कधी नाही.

१. काही हात लावण्याआधी मोजणी वाचा. रूट होऊन ‘/प्रॉक/टीटीवाय/ड्रायव्हर/सिरियल’ ही फाइल उघडा. पोर्ट ० च्या ओळीत किती बाइट गेले-आले ते असतं आणि चूक झालेली असेल तर पुढे ‘एफई’ (फ्रेमिंगची चूक), ‘बीआरके’ (ब्रेक) आणि ‘ओई’ (ओव्हररन) हे आकडे दिसतात. ओळीच्या शेवटी कोणत्या तारा वर आहेत तेही दिसतं. दहा मिनिटांनी परत वाचा. कुणी टाइप करत नसताना आलेले बाइट वाढत असतील तर खरखर आहे. ‘एफई’ सतत वाढत असेल तर बॉड जुळत नाही किंवा केबल खराब आहे. ‘बीआरके’ टर्मिनलला धक्का लागला की वाढतो, तर कनेक्टर ढिला.

२. गेटी थांबवा. सिस्टिमडीवर (नव्या लिनक्सचा सेवा सांभाळणारा प्रोग्राम) ‘सिरियल-गेटी@टीटीवायएस०’ ही सेवा स्टॉप करायची. हे विसरून पुढची पायरी केलीत तर वर सांगितलेला स्वतःशीच संवाद तुम्ही हाताने तयार कराल.

३. केबल काढून सर्व्हरच्या पोर्टवर मादी कनेक्टर लावा आणि त्याच्या पिन २ व ३ तारेने जोडा. मिनिकॉम (सिरियल पोर्टशी बोलायचा प्रोग्राम) उघडा, हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद ठेवा आणि टाइप करा. टाइप केलेलं जसंच्या तसं परत दिसलं तर सर्व्हरचा पोर्ट ठीक. काही दिसलं नाही तर पोर्टची चिपच गेलेली असू शकते. विजा कडाडल्यानंतरच्या आठवड्यात हे फार आढळतं.

४. जोडतार काढा आणि मल्टीमीटर डीसीवर ठेवून पिन ३ आणि पिन ५ यांच्यामध्ये मोजा. शांत अवस्थेत उणे ५ ते उणे १२ व्होल्ट मिळायला हवेत. मग केबल टर्मिनलला लावा, आणि केबलच्या सर्व्हरकडच्या टोकावर पिन २ आणि ५ मध्ये मोजा. तिथेही असंच उणे व्होल्टेज हवं. ते टर्मिनलकडून येतं. शून्याच्या जवळ असेल तर टर्मिनल बंद आहे, तार तुटली आहे किंवा केबल सरळ जोडणीची आहे, उलट जोडणीची नाही. उणे ३ ते अधिक ३ यांच्यामधलं काहीही म्हणजे घेणाऱ्याला काही कळणार नाही असा पट्टा.

५. केबलची जोडणी तपासा. नल मोडेममध्ये २ समोरच्या ३ ला, ३ समोरच्या २ ला, ५ थेट ५ ला, ७ समोरच्या ८ ला आणि ८ समोरच्या ७ ला जातो. पिन ४ समोरच्या ६ आणि १ या दोघांना. समोरचं टर्मिनल हँडशेक देतच नसेल, तर सर्व्हरकडच्या कनेक्टरमध्येच ७ आणि ८ एकत्र, तसेच ४, ६ आणि १ एकत्र जोडून टाकतात. कन्सोलसाठी ही तडजोड चालते. प्रिंटरसाठी नाही, कारण तिथे ‘थांब’ म्हणायची तार खरोखर लागते.

केबल १५ मीटरच्या आत ठेवा. मर्यादा खरं तर तारांच्या एकूण कपॅसिटन्सची, २५०० पिकोफॅरडची आहे, पण केबल विकणाऱ्याला तो आकडा विचारून उपयोग होत नाही.

दुरुस्तीनंतरच्या सेटिंग

बॉड ११५२०० करा, सर्व्हरवर आणि टर्मिनलवर दोन्हीकडे. आणि बूटलोडर (कर्नलला सुरू करणारा प्रोग्राम), कर्नल, गेटी या तिन्ही ठिकाणी एकच. ‘आर’ काढून टाका. ‘डीमेसेज -एन ४’ दिलं की कन्सोलवर चुका आणि त्याहून गंभीर संदेशच येतात. रीबूटनंतर टिकवायचं तर ‘कर्नल.प्रिंटके’ची पहिली संख्या ४ ठेवा. फायरवॉलच्या लॉग नियमाला दर मर्यादा घाला. सिसलॉगच्या कॉन्फिगमध्ये कन्सोलकडे जाणारी ओळ असेल तर ती बंद करा. टर्मिनल वापरातच नसेल तर गेटी ‘मास्क’ करून टाका, म्हणजे तो पुन्हा सुरूच होणार नाही.

सर्व्हरला बीएमसी (दुरून देखरेखीसाठी आत बसवलेला छोटा संगणक) असेल तर सिरियल-ओव्हर-लॅन वापरून जुनं टर्मिनल निवृत्त करता येतं. नसेल तर नेटकन्सोल आहे: कर्नलचे संदेश यूडीपीवरून दुसऱ्या मशीनच्या ६६६६ पोर्टवर जातात. ऐकणारी मशीन बंद असली तरी पाठवणारा अडत नाही.

कीबोर्डबद्दल थोडक्यात. दाबून राहिलेली एखादी कळ ग्रब या बूटलोडरच्या मेन्यूची उलटी मोजणी थांबवते आणि लाइन परत आली तरी सर्व्हर मेन्यूवरच बसून राहतो. ग्रब सिरियलवर ऐकत असेल तर खरखरीचं एक अक्षरही तेच करतं. बायोसमध्ये ‘हॉल्ट ऑन’ या पर्यायात कीबोर्ड वगळा, आणि कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं टार्गेट मास्क करा; केव्हीएम स्विच (एकच कीबोर्ड-पडदा अनेक मशीनना जोडणारा) बिघडला की तो काय पाठवेल याचा नेम नसतो.

प्रिंटर: कागद संपला आणि काउंटर बंद पडलं

प्रिंटरमुळे होणारा सर्वांत महागडा खोळंबा हार्डवेअरचा नसतोच. बिलिंगच्या अनेक जुन्या प्रोग्राममध्ये क्रम असा असतो: डेटाबेसचा व्यवहार उघडायचा, बिल क्रमांक घ्यायचा, थेट प्रिंटरच्या पोर्टवर छापायचं, आणि छापून झालं की व्यवहार पक्का करायचा. प्रिंटरचा कागद संपला की प्रोग्राम लिहिता लिहिता अडकतो, आणि बिल क्रमांकाच्या नोंदीवरचं कुलूप त्याच्याच हातात राहतं. बाकीची सगळी काउंटरं त्या कुलपासाठी थांबतात. फोन येतो तो ‘सर्व्हर बंद पडला’ असा. प्रत्यक्षात प्रोसेसर रिकामा असतो. डेटाबेसमध्ये कोण कुणासाठी थांबलं आहे ती यादी बघा. सगळ्यांच्या मुळाशी एकच सेशन सापडेल आणि ते ज्या काउंटरचं आहे तिथला प्रिंटर बघा. कायमचा उपाय म्हणजे आधी व्यवहार पक्का, मग छपाई, तीही स्पूलरमार्फत (छपाईची कामं रांगेत ठेवणारी सेवा). प्रोग्राम लिहिणारा तयार नसेल, तर निदान त्याला पोर्टवर थेट लिहू न देता रांगेकडे वळवा.

मे महिन्यात याला आणखी एक कारण मिळतं. डॉट मॅट्रिक्सचं हेड तापलं की प्रिंटर स्वतःहून छपाई मंदावतो किंवा मध्ये मध्ये थांबवतो. हेड जळू नये म्हणून ती सोय केलेली असते. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) बाहेर ४५ अंशांच्या पुढे असताना बंद खोलीत तीन-तीन प्रतींची बिलं सलग छापत असाल, तर हे होणारच. शाई सुकलेली रिबन आणि हेड-रोलरमधलं चुकीचं अंतर (प्रतींप्रमाणे लावायची छोटी दांडी असते ती) यामुळे हेडवर ताण आणखी पडतो. धान्याच्या किंवा कापसाच्या धुळीत चालणारा प्रिंटर दर आठवड्याला मऊ ब्रशने झाडावा. कागद असल्याचं सांगणारा सेन्सर धुळीने आंधळा झाला की कागद असूनही ‘संपला’ म्हणतो.

स्पूलरचा धोका वेगळा: जागा. कप्समध्ये (लिनक्सची छपाईची सेवा) चूक झाल्यावरचं धोरण ‘स्टॉप-प्रिंटर’ असेल तर एका चुकीनंतर रांग थांबते, पण नवी कामं येतच राहतात आणि ‘/व्हार/स्पूल/कप्स’मध्ये साठतात. विंडोजच्या मशीनवरून तयार होऊन आलेलं ६०० डीपीआयचं रंगीत ए४ पान न दाबता ठेवलं तर एका पानाला १०० एमबीच्या आसपास जागा लागते. ‘/व्हार’ वेगळ्या पार्टिशनवर नसेल आणि डिस्क भरली, तर लॉग थांबतो, मेल थांबते आणि डेटाबेसही नवीन काही लिहू शकत नाही. म्हणून:

‘एलपीस्टॅट -टी’ने रांगा बघा. थांबलेली रांग दुरुस्त होईपर्यंत ‘कप्सरिजेक्ट’ने नवी कामं नाकारा. ‘कॅन्सल -ए -एक्स’ने साठलेली कामं फाइलींसकट काढा, स्पूल फोल्डर हाताने पुसत बसू नका. ‘एलपीॲडमिन’ने चूक झाल्यावरचं धोरण ‘रिट्राय-जॉब’ किंवा ‘अबॉर्ट-जॉब’ करा. बिलांसाठी पहिलं बरं, अहवालांसाठी दुसरं. कॉन्फिगमध्ये ‘मॅक्सजॉब्स’ मूळचा ५०० असतो. लहान कार्यालयाला १०० पुष्कळ झाले. झालेल्या कामांच्या फाइली कप्स मूळ सेटिंगनुसार ८६४०० सेकंद, म्हणजे एक दिवस ठेवतो, तोही आकडा खाली आणता येतो. आणि तपासणीसाठी लॉगची पातळी ‘डिबग’ केली असेल तर काम झाल्यावर परत खाली आणायला विसरू नका.

विंडोज सर्व्हरवर अडकलेलं काम काढायचं तर ‘नेट स्टॉप स्पूलर’, मग सिस्टिम३२ मधल्या ‘स्पूल’ फोल्डरातल्या ‘प्रिंटर्स’मधून एसएचडी आणि एसपीएल फाइली पुसायच्या, मग ‘नेट स्टार्ट स्पूलर’. एकच ड्रायव्हर स्पूलरला वारंवार पाडत असेल तर सर्व्हर २००८ आर२ पासून आलेलं ‘ड्रायव्हर आयसोलेशन’ त्या ड्रायव्हरला लावा. तो स्वतंत्र प्रोसेसमध्ये चालतो आणि पडला तर एकटा पडतो. डोमेन कंट्रोलरवर (सगळ्यांची लॉगिन तपासणारा सर्व्हर) मात्र स्पूलर चालूच ठेवू नये. २०२१ मधल्या ‘प्रिंटनाइटमेअर’ या दोषानंतर याबद्दल वादाला जागा उरलेली नाही.

आता हार्डवेअर. यूएसबी प्रिंटरची केबल किंवा सॉकेट ढिलं असेल तर कर्नलच्या लॉगमध्ये ‘न्यू फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस नंबर’ ही ओळ पुन्हा पुन्हा येते आणि नंबर वाढत जातो. त्यासोबत ‘एरर -७१’ किंवा ‘-११०’ दिसलं तर केबल बदला, हब काढून टाका. पॅरलल पोर्टवरचा कनेक्टर हलत असेल तर ‘आउट ऑफ पेपर’, ‘ऑफ-लाइन’ अशा ओळींची रांग लागते. (त्याच ड्रायव्हरमध्ये ‘एलपी० ऑन फायर’ असाही एक जुना संदेश आहे. दिसला तर प्रिंटरकडे नजर टाका, अग्निशमन दलाला फोन नको.) या सगळ्या ओळी जातात कुठे? कन्सोलवर. म्हणजे ९६०० बॉडचा कन्सोल आणि ढिला प्रिंटर एकत्र आले की पहिल्या भागातला खोळंबा प्रिंटरच्या कारणाने सुरू होतो, आणि दोन्ही वस्तू वेगवेगळ्या तपासणाऱ्याला काहीच सापडत नाही.

‘आयआरक्यू ७: नोबडी केअर्ड’ अशी ओळ दिसली तर कोणीच जबाबदारी घेत नसलेले इंटरप्ट (प्रोसेसरचं लक्ष वेधणारे संकेत) येताहेत. १ लाखापैकी ९९,९०० इंटरप्ट असे बेवारस निघाले की कर्नल ती तारच बंद करतो. त्याच तारेवर नेटवर्क कार्ड किंवा डिस्क कंट्रोलर असेल तर तेही सोबत गप्प होतात. पॅरलल पोर्ट वापरात नसेल तर बायोसमधूनच बंद ठेवणं उत्तम.

लाइन, कूलर आणि काळी माती

लेझर प्रिंटर सर्व्हरच्या यूपीएसवर कधीही लावू नका. त्याचा फ्यूजर (शाईची पूड कागदावर वितळवणारा भाग) गरम होताना ८०० ते १००० वॉट ओढतो. ६०० व्हीएच्या यूपीएसची क्षमता बहुधा ३६० वॉट. लाइन असेपर्यंत भागतं. लाइन गेली आणि त्याच वेळी कुणी प्रिंट दिली, की यूपीएस ओव्हरलोड होऊन सर्व्हरसकट बंद. डॉट मॅट्रिक्स एवढा ओढत नाही, पण तोही वेगळ्या बोर्डावर असलेला बरा.

सिरियल जोडणीत दोन्ही टोकांची अर्थिंग पिन ५ ने एकमेकांना जोडलेली असते. सर्व्हर यूपीएसवर आणि टर्मिनल दुसऱ्या खोलीतल्या बोर्डावर असेल तर दोन्हीकडच्या अर्थिंगमधला फरक त्या बारीक तारेतून वाहतो. पाठवणाऱ्याने किमान ५ व्होल्ट द्यायचे आणि घेणाऱ्याला ३ पुरतात, म्हणजे हाताशी फक्त २ व्होल्टची मोकळीक. मल्टीमीटर एसीवर ठेवून दोन्ही सॉकेटांत न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातलं व्होल्टेज मोजा. २-३ व्होल्टच्या वर असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. हे मोजमाप कूलर चालू असताना आणि बंद असताना, दोनदा घ्या. कूलरची मोटार आणि पंप त्याच बोर्डावर असले की चालू-बंद करताना जो झटका बसतो, तो ‘एफई’च्या आकड्यात उमटतो. मार्चपासून जूनपर्यंतच येणारा दोष असेल तर संशयित भिंतीतच बसवलेला आहे. कूलरची हवा थेट सर्व्हरवर किंवा प्रिंटरवर सोडू नका. हवेसोबत उडणारे पाण्याचे थेंब सुकले की मागे क्षार राहतात.

अर्थिंगच्या खड्ड्याचं गणितही उन्हाळ्यात बदलतं. काळी माती वाळली की आक्रसते, भेगा पडतात, इलेक्ट्रोडला चिकटून राहत नाही, आणि रोध वाढतो. मार्चनंतर खड्ड्यात आठवड्यातून दोनदा बादलीभर पाणी टाका. रोध मोजून घेतला तर ५ ओहमच्या आत असावा. पावसाळ्याआधी, म्हणजे मे अखेरीस, दोन इमारतींमधून किंवा दोन मजल्यांमधून गेलेल्या प्रत्येक सिरियल केबलला ऑप्टिकल आयसोलेटर लावा. केबल इमारतीबाहेरून जात असेल तर ती काढून तिथे नेटवर्क किंवा फायबर टाकणं बरं. एका विजेने दोन्हीकडचे पोर्ट जातात.

सर्व्हर अडकलेला असताना

रीसेटचं बटण शेवटी. आधी टर्मिनलवर कंट्रोल-क्यू. मग कन्सोलची केबल सर्व्हरच्या टोकाकडून काढा आणि एक मिनिट थांबा. कर्नल ओळीत ‘आर’ असेल तर मात्र केबल काढल्याने खोळंबा वाढेल, तेव्हा ७ आणि ८ जोडलेला कनेक्टर तयार ठेवून तो लावा. तरी हालचाल नसेल तर यूएसबी प्रिंटर काढा. पॅरलल केबल चालू मशीनवर ओढू नका, प्रिंटरचं बटण बंद करा. प्रत्येक कृतीनंतर दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करून बघा आणि वेळ कागदावर लिहा. दोन वस्तू एकदम काढल्या तर दोष कोणाचा हे कळणार नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून.

मशीन शुद्धीवर आली की लगेच सिरियलची मोजणी, कर्नलचा लॉग, डिस्कवरची मोकळी जागा आणि प्रिंटरच्या रांगा यांची प्रत वेगळी ठेवून द्या. रीबूट झाल्यावर सिरियलचे आकडे शून्यावर येतात. शेवटी प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यावर पोर्टचं नाव, बॉड आणि तारीख लिहा. पेनाने लिहिलेलं इथल्या उन्हाळ्यात घामाच्या हातांनी दोन महिन्यांत पुसतं. परमनंट मार्कर वापरा आणि वरून पारदर्शक टेप लावा.